ल्यूटवरचा एक शोक: लय, स्केल आणि मूड नक्की येतो कुठून?

'अभ्यासाला शांत संगीत', 'झोप लागण्यासाठी संगीत' अशा नावाच्या प्लेलिस्ट हल्ली सगळीकडे झाल्यात आणि त्यात बरोक ल्यूटचे, म्हणजे सतराव्या-अठराव्या शतकातल्या युरोपच्या एका तंतुवाद्याचे, दोनचार तुकडे हमखास असतातच. खाली नाव वाचायला जावं तर लिहिलेलं असतं, वाइस, तोंबो, बी फ्लॅट मायनर, अडाजिओ. आता यातलं सामान्य माणसाला काय कळणार? वाइस हा माणूस असेल एवढं कळतं, बाकी सगळं डोक्यावरून. आणि मग ऐकणारा म्हणतो जाऊ दे, छान वाटतंय ना, शांत वाटतंय ना, बस झालं.

पण तो तुकडा शांत नाहीये हो, तो एका मेलेल्या मित्रासाठी केलेला शोक आहे. आणि ते दुःख त्यात कसं भरलंय हे त्या तीन शब्दांतच लिहिलेलं आहे, तोंबो, बी फ्लॅट मायनर, अडाजिओ, फक्त ते शब्द उलगडून कोणी सांगत नाही. म्हणून हा लेख. संगीत शिकलेलं असायची गरज नाही, पेटीवर बोट ठेवून सा कुठला ते शोधलंय कधी, एवढं पुरे.

आधी माणसं कोण ते बघू

सिल्वियस लिओपोल्ड वाइस, जन्म १६८७, १७१८ पासून जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या दरबारात ल्यूटवादक. थोर जर्मन संगीतकार बाखच्या अगदी बरोबरीचा, बाख जुलै १७५० ला गेला आणि वाइस त्याच वर्षी ऑक्टोबरात. ल्यूटसाठी त्याने शेकड्यांनी तुकडे लिहून ठेवलेत आणि त्या वाद्यावर त्याच्या तोडीचा माणूस त्या काळात नव्हता असं मला मनापासून वाटतं.

दुसरा माणूस म्हणजे काउंट लोजी, प्रागचा सरदार घराण्यातला, पोटासाठी वाजवायची गरज नव्हती पण ल्यूटचं अक्षरशः वेड. श्टोल्त्सेल नावाच्या संगीतकाराने त्याची एक आठवण सांगितलेली आहे, की वाजवता वाजवता एखादा बेसुराकडे झुकणारा, टोचणारा सूर आला की लोजी तिथेच रेंगाळायचा, तोच पुन्हा पुन्हा वाजवायचा आणि म्हणायचा हा सोन्याचा सूर आहे. हा लोजी १७२१ मध्ये वारला आणि वाइसने त्याच्यासाठी तोंबो लिहिला. तोंबो म्हणजे मेलेल्या माणसाच्या आठवणीत रचलेला वाद्याचा तुकडा, ही पद्धत वाइसच्या आधी ऐंशीएक वर्षं पॅरिसच्या ल्यूटवाल्यांनी सुरू केलेली.

ही ल्यूट गिटारसारखी नाही

दिसायला पाठ अर्ध्या भोपळ्यासारखी फुगीर, मान रुंद, आणि तारा मोजायला गेलात तर चक्कर येईल. वाइसच्या मोठ्या ल्यूटला तारांचे तेरा गट होते, पहिल्या दोन तारा एकेकट्या आणि बाकी अकरा जोड्या, म्हणजे एकूण २४ तारा. सगळ्या तातीच्या, म्हणजे जनावराच्या आतड्याच्या.

आता यातलं महत्त्वाचं. वरचे सहा गट डाव्या हाताच्या बोटांनी पडद्यांवर दाबून वाजवायचे, आणि खालचे सात गट खर्जाचे, ते बहुतेक वेळा दाबायचेच नाहीत, नुसते अंगठ्याने मोकळे छेडायचे. म्हणजे खर्जाच्या तारा ज्या सुराला लावून ठेवल्या तोच सूर देणार, मध्येच दुसरा हवा म्हटलं तर अवघड काम आहे.

आणि वरचे सहा गट लावायचे कसे? बरोक ल्यूटची पद्धत अशी, खालून वर ए, डी, एफ, ए, डी, एफ. आपल्या पेटीच्या भाषेत पांढरी सहा, पांढरी दोन, पांढरी चार आणि पुन्हा तेच तीन वरच्या सप्तकात. पांढरी दोनला सा धरलात तर हे काय झालं? प, सा, कोमल ग, प, सा, कोमल ग. म्हणजे डाव्या हाताचं बोटही न लावता, नुसता उजवा हात तारांवरून फिरवला तरी डी मायनरची पूर्ण कॉर्ड वाजते. कॉर्ड म्हणजे एकत्र वाजणारे तीनचार सूर, पेटीवर तीन बोटं एकदम दाबतो तसे. हे लक्षात ठेवा, पुढचं सगळं यावर उभं आहे.

स्केल म्हणजे राग का? नाही

आपल्याकडच्या ऐकणाऱ्याचा पहिला गोंधळ इथेच होतो आणि तो होणं साहजिक आहे, कारण आपल्याला सवय आहे मूड रागातून यायची. मारवा म्हटलं की संध्याकाळची हुरहुर, तोडी म्हटलं की सकाळ आणि तो करुण भाव. तर बी फ्लॅट मायनर म्हणजे पण असाच काहीतरी राग असणार असं वाटतं.

नाही. पाश्चात्त्य संगीतातली 'की' (key), जिला आपले ऑर्केस्ट्रावाले स्केल म्हणतात आणि मी पण इथून पुढे स्केलच म्हणणार आहे, ती फक्त दोन गोष्टी सांगते. एक, सा कुठे आहे. दोन, मेजर की मायनर. मेजर म्हणजे ढोबळमानाने सगळे शुद्ध स्वर, आपला बिलावल थाट. मायनर म्हणजे ग, ध, नी कोमल, आसावरी थाटाच्या जवळचं, फक्त त्यात सा वर यायच्या आधी शुद्ध नी पण खूप वेळा वापरतात. बस. वादी नाही, संवादी नाही, पकड नाही, वेळ नाही, कुठला स्वर लांबवायचा आणि कुठला नुसता शिवायचा याचे नियम नाहीत. त्यामुळे स्केलवरून मूड ओळखणं हे थाटावरून राग ओळखण्याइतकंच अर्धवट आहे.

बी फ्लॅट मायनर म्हणजे मग काय, तर सा काळी पाचला आणि ग, ध, नी कोमल. झालं.

मग सा कुठेही असला तरी काय फरक पडतो?

हा प्रश्न गाणं ऐकणारा प्रत्येक मराठी माणूस विचारणार आणि विचारायलाच पाहिजे. गायक काळी एकला गातो, गायिका काळी पाचला गाते, यमन तो यमनच राहतो. कोणी म्हणत नाही की काळी चारचा यमन जास्त उदास असतो. मग हे युरोपवाले डी मायनर वेगळं आणि बी फ्लॅट मायनर वेगळं असं का करतात?

गळ्यासाठी तुमचं बरोबर आहे. गळ्याला मोकळी तार नसते, तो कुठूनही सुरू करू शकतो. पण वाद्याला ही सोय नाही. सतारवाल्याला विचारा, त्याचा सा ठरलेला असतो, आणि राग बदलला की तरफा, म्हणजे खालच्या आपोआप झणकारणाऱ्या तारा, परत लावाव्या लागतात कारण रागात नसलेला सूर तरफेत राहिला तर ती तार गप्प तरी बसते नाहीतर नको तिथे बोलते. ल्यूटचं तसंच आहे, फक्त आणखी कडक. तिच्या सहा मोकळ्या तारा डी, एफ, ए अशा बांधलेल्या आहेत, आणि तुम्ही सा जितका डी पासून लांब नेलात तितक्या त्या मोकळ्या तारा बिनकामाच्या होत जातात.

कीबोर्डवर त्या काळी याचं आणखी एक कारण होतं, स्वरांमधली अंतरं सारखी लावलेली नसायची त्यामुळे काही स्केल गोड लागायची आणि काही टोचायची. पण ल्यूटवर ते कारण फारसं लागू नाही, कारण पडदा म्हणजे मानेभोवती गुंडाळलेली तात असते, ती सगळ्या तारांखालून आडवी जाते, त्यामुळे अंतरं जवळपास सारखी ठेवण्याशिवाय इलाजच नसतो. १५८१ मध्येच व्हिन्चेन्झो गॅलिलेईने, शास्त्रज्ञ गॅलिलिओचे वडील ते, ल्यूटच्या पडद्यांसाठी १८ ला १७ असं एकच प्रमाण सुचवलं होतं जे आजच्या सारख्या अंतराच्या अगदी जवळ जातं. म्हणजे ल्यूटवर स्केलचा रंग गणितातून नाही येत, मोकळ्या तारांतून येतो.

काळी पाचला हात ठेवला की काय होतं

आता मुद्द्याचं, आणि इथे जरा थांबून हिशोब करूया कारण मला हा भाग सगळ्यात जास्त आवडतो.

सा काळी पाच, म्हणजे बी फ्लॅट. वरच्या सहा मोकळ्या तारा बघा. एफ हा झाला प, चालेल, उत्तम. ए हा झाला शुद्ध नी, तो फक्त सा वर जाताना लागतो, बाकी वेळ नको. आणि डी? डी झाला शुद्ध ग! मायनरमध्ये ग कोमल हवा, म्हणजे डीची मोकळी तार वाजली तर त्या क्षणी सगळं मेजर होऊन जाईल, शोकसभेत कोणीतरी हसल्यासारखं. म्हणजे सहापैकी फक्त दोन तारा, त्या दोन एफ, निर्धास्तपणे मोकळ्या सोडता येतात. बाकी सगळे सूर बोटाने दाबून काढायचे.

आणि दाबून काढलेल्या सुराचा आवाज वेगळा असतो. रिकाम्या घरात बोललं की आवाज घुमतो आणि तिथेच गाद्या, कपाटं, पडदे आले की तोच आवाज बसतो, कोरडा आणि जवळचा वाटतो, अगदी तसं. डी मायनरमध्ये ल्यूट घुमते, एक तार छेडली तरी बाजूच्या मोकळ्या तारा थरथरतात कारण त्या सगळ्या त्याच कॉर्डमधल्या आहेत. बी फ्लॅट मायनरमध्ये तेच वाद्य आतल्या आत बोलतं. आवाज लवकर मरतो. बोटांवर ताण येतो, आणि तो ताण ऐकू येतो, हे मी अलंकारिक म्हणून लिहीत नाहीये, पहिल्याच पडद्यावर बोट दाबायला जोर लागतो आणि बी फ्लॅट, ई फ्लॅट, जी फ्लॅट हे तिन्ही सूर नेमके त्या पहिल्याच पडद्यावर येतात.

ल्यूटचं लिखाण पण हेच दाखवतं. ते आपल्यासारखं सुरांचं लिखाण नसतं, सहा रेघा म्हणजे सहा गट आणि रेघेवर अक्षर, ए म्हणजे मोकळी तार, बी म्हणजे पहिला पडदा, सी म्हणजे दुसरा. डी मायनरचं पान उघडलंत तर ए ए ए अशी मोकळ्या तारांची रांग दिसते, आणि बी फ्लॅट मायनरच्या पानावर पहिल्या पडद्याची बी गर्दी करते. पान वाचता आलं नाही तरी नुसतं बघून कळावं कुठलं पान घुमणार आहे आणि कुठलं नाही.

खर्ज राहिलाच. खर्जाच्या मोकळ्या तारांमध्ये जी, ई, डी असे सूर असतात, काळी पाचच्या हिशोबाने ते होतात शुद्ध ध, तीव्र म आणि शुद्ध ग, तिन्ही नको असलेले. म्हणून वाजवायच्या आधी त्या जोड्या अर्ध्या सुराने उतरवायच्या, आणि तात ही अशी चीज आहे की उतरवली की लगेच बसत नाही, थोडं वाजवलं की परत हलते. योहान माटेझोन नावाच्या हॅम्बुर्गच्या लेखकाने १७१३ मध्ये लिहिलं होतं की ल्यूटवाला ऐंशी वर्षं जगला तर त्यातली साठ वर्षं त्याने तारा लावण्यातच घालवलेली असतात. ल्यूटवाल्यांना ते फार लागलं, वाइसने १७२३ मध्ये माटेझोनला पत्र लिहून आपली बाजू मांडली आणि बारोन नावाच्या ल्यूटवादकाने १७२७ च्या आपल्या पुस्तकात त्याला उत्तर दिलं. तारा लावायच्या या कटकटीमुळेच बरोक काळात ल्यूटचे पाचसहा तुकडे एकत्र बांधून सगळे एकाच स्केलमध्ये ठेवायची पद्धत इतकी सोयीची होती, एकदा लावलं की तासभर वाजवा.

म्हणजे बघा, वाइसने बी फ्लॅट मायनर निवडलं तेव्हा त्याने सोय सोडून दिली. खर्ज उतरवा, मोकळ्या तारा गमवा, हाताला त्रास द्या. हे कोणी सहज म्हणून करत नाही.

आणि हे एकदाच झालं असं पण नाही. १७१९ मध्ये त्याने बॅरन हार्टिग नावाच्या माणसासाठी तोंबो लिहिला, तो आहे ई फ्लॅट मायनरमध्ये, सा काळी दोनला. तिथे तर मुख्य कॉर्डचे तीन सूर ई फ्लॅट, जी फ्लॅट, बी फ्लॅट, एक पण मोकळी तार त्यात नाही. आता ल्यूटच्या मोकळ्या तारा आठवा, डी, एफ, ए. प्रत्येकीला अर्धा सूर वर नेलं की बरोब्बर हीच कॉर्ड तयार होते. म्हणजे तर्जनी पहिल्या पडद्यावर आडवी टाकली की जी ल्यूट एरवी आपसूक घुमते तिचे सगळे कंठ एका बोटाखाली दाबले जातात. दोन शोक, आणि दोन्हीसाठी ल्यूट जिथे सगळ्यात कमी घुमते अशा जागा शोधून काढलेल्या. मला यात योगायोग दिसत नाही.

आता लय

अडाजिओ म्हणजे विलंबित एवढं बहुतेकांना माहीत असतं. पण किती विलंबित? मेट्रोनोम, म्हणजे लय मोजायचं टकटक करणारं यंत्र, त्याचं पेटंट मेल्त्सेलने १८१५ मध्ये घेतलं, वाइस जाऊन तेव्हा पासष्ट वर्षं झाली होती. त्यामुळे वाइसच्या पानावर आकडा असणं शक्यच नाही. ल्यूटच्या लिखाणात कुठलं बोट कुठे आणि कुठला सूर दुसऱ्याच्या मानाने किती लांब एवढंच असतं, एकूण गाडी किती वेगाने हाकायची ते नसतं.

मग अंदाज कसा करायचा? एक माणूस आहे क्वान्त्स, बासरीवाला, तो पण ड्रेस्डेनचा, आणि १७२३ मध्ये सम्राटाच्या राज्याभिषेकाच्या ऑपेरासाठी वाइस आणि तो एकत्रच प्रागला गेले होते, लोजीच्या गावाला. या क्वान्त्सने १७५२ च्या आपल्या पुस्तकात लय मोजायला नाडी वापरली. जेवून उठलेल्या, खुशीत असलेल्या निरोगी माणसाची नाडी मिनिटाला साधारण ८० धरायची, मग मध्यम चालीत एका मात्रेला एक ठोका, आणि गाण्यासारख्या अडाजिओत अर्ध्या मात्रेला एक ठोका, म्हणजे मात्रा मिनिटाला ४०. त्याहून गंभीर अडाजिओ असेल तर त्याच्याही निम्मी. आपल्या विलंबित ख्यालाच्या मानाने हे फार हळू नाही, पण ख्यालात गळा सूर धरून ठेवतो. ल्यूटला तेच जमत नाही.

हीच ल्यूटची खरी अडचण आहे. तातीची वरची तार छेडली की सूर येतो आणि लगेच विरायला लागतो, तुम्ही काही करू शकत नाही, गज नाही, फुंकर नाही. म्हणून ल्यूटवर विलंबित वाजवणं म्हणजे विरणाऱ्या सुराशी सतत केलेला करार. त्यासाठी ल्यूटवाल्यांनी काय केलं, तर कॉर्डचे सगळे सूर एकदम न वाजवता एकापाठोपाठ एक सोडायचे, म्हणजे पहिला विरत असताना दुसरा उभा राहतो. अधूनमधून मुरक्या, आणि खाली खर्जाची जाड तार, ती मात्र बराच वेळ टिकते, इतकी की कधी कधी अंगठ्याने मुद्दाम गप्प करावी लागते.

आता हे बी फ्लॅट मायनरला जोडा. ज्या स्केलमध्ये सूर एरवीपेक्षा लवकर मरतात तीच स्केल, आणि त्यावर लय कुठली तर विलंबित, जिला सूर जास्त टिकायला हवेत. दोन्ही एकमेकांच्या विरुद्ध ओढतात. त्यामुळे मध्ये रिकाम्या जागा पडतात. सूर संपतो आणि पुढचा अजून आलेला नसतो. प्लेलिस्टवाले ज्याला शांतता म्हणतात ती ही जागा आहे, आणि ती जागा मुद्दाम तयार केलेली आहे.

लय किती मोकळी घ्यायची याचंही एक उदाहरण आहे, ते कीबोर्डचं आहे पण आहे ल्यूटवाल्याबद्दलच. १६५२ मध्ये पॅरिसमध्ये ब्लांक्रोशे नावाचा ल्यूटवादक जिन्यावरून पडून वारला. त्याचा मित्र फ्रोबर्गर याने त्याच्यासाठी तोंबो लिहिला आणि वर स्पष्ट सूचना दिली की हे अतिशय सावकाश, आपल्या मर्जीने आणि कुठलाही ठेका न पाळता वाजवायचं. शेवटी सूर एक एक पायरी खाली उतरत जातात, थेट तळापर्यंत. म्हणजे शोकाच्या तुकड्यात ठेका सुटला तरी चालतो, किंबहुना सुटावाच, ही समज वाइसच्या आधीपासूनची आहे. म्हणून एकाच तोंबोची दोन वादकांची रेकॉर्डिंग लावलीत आणि एक दुसऱ्यापेक्षा बरंच लांब निघालं तर त्यातलं एक चुकलंय असं समजू नका.

मायनर म्हणजे रडकंच असतं ना?

हे डोक्यातून काढून टाकायला हवं. गिटार शिकणाऱ्या पोरांना विचारा, बाखचा ई मायनरमधला बुरे बहुतेकांनी वाजवलेला असतो, तो ल्यूटच्या तुकड्यांत मोजला जातो. बुरे हा एक नाच आहे. ई मायनर असूनही तो चालतो कसा, टाच उचलून चालल्यासारखा. त्यात रडकं काही नाही. वाइसच्या डी मायनरच्या मालिकांत पण शेवटी एखादा भरधाव जिग नावाचा नाच येतो, तोही डी मायनरच, त्याच तारा, तशाच लावलेल्या, आणि ऐकताना अंगात वारं भरतं.

मग मूड ठरवतं कोण? एकटी स्केल नाही, एकटी लय नाही. डी मायनर आणि द्रुत लय, मोकळ्या तारा घुमतायत, नाच. डी मायनर आणि विलंबित, तेच घुमणं आता देवळासारखं गंभीर होतं. बी फ्लॅट मायनर आणि विलंबित, घुमणं गेलं, सूर मध्येच संपतायत, शोक. बी फ्लॅट मायनर आणि द्रुत? ल्यूटवर हे करून बघणाऱ्याचा डावा हात दुखेल, आणि म्हणूनच असं फारसं सापडत नाही.

त्या काळचे लोक स्वतः काय म्हणायचे

त्यांनी याद्या केल्या होत्या, कुठल्या स्केलचा कुठला भाव. पॅरिसच्या शार्पांतिए या संगीतकाराने १६९० च्या सुमारास एक यादी हाताने लिहून ठेवली, त्यात बी फ्लॅट मायनरपुढे लिहिलंय काळोखी आणि भयंकर, आणि ई फ्लॅट मायनरपुढे त्याहून वाईट, भेसूर. वाइसच्या दोन्ही तोंबोंना अगदी फिट्ट बसतं. पण यावरून वाइसने यादी बघून स्केल निवडली असं म्हणायची घाई नको, ती यादी त्याच्या हातात पडली असेल असं धरायला काही आधार नाही.

शिवाय याद्यांचं एकमेकांत पटत नाही. शार्पांतिए एफ मेजरला म्हणतो रागीट आणि बेभान, तर वर आलेला तोच माटेझोन १७१३ मध्ये म्हणतो की जगातल्या सगळ्यात सुंदर भावना, औदार्य, निष्ठा, प्रेम, एफ मेजरमध्ये सांगता येतात. आता काय करायचं? माटेझोनने सतरा स्केलचे भाव सांगितले, त्यात बी फ्लॅट मायनर नाहीच, इतकी ती कमी वापरातली. आणि त्याने स्वतःच मान्य केलंय की माणसामाणसाचा स्वभाव वेगळा, एकाला जे आनंदी वाटेल ते दुसऱ्याला उदास वाटू शकतं.

मग शेवटी मूड ज्याचा त्याचाच ना?

अर्धं खरं. तुम्हाला ऐकून काय वाटावं हे कोणी ठरवू शकत नाही, आणि दमून आलेल्या माणसाने लोजीचा तोंबो लावून डोळे मिटले तर त्यात काही वाईट नाही, मला उलट बरं वाटेल की निदान ऐकतोय. पण वाटणं एक आणि तुकड्यात काय केलंय ते एक. खर्ज उतरवलेला आहे, मोकळ्या तारा बंद केलेल्या आहेत, लय इतकी लांबवलीय की सूर पुरत नाहीत, या गोष्टी माझ्या तुमच्या मनावर अवलंबून नाहीत, त्या लाकडात आणि तातीत घडतात. ऐकणाऱ्याने त्यावर काय करायचं ते त्याचं.

आणि एक गोष्ट आवर्जून ऐकून बघाच. अशा विलंबित तुकड्यात कुठेतरी एक सूर खालच्या खर्जाला टोचत उभा राहतो, लगेच सुटत नाही, वादक तिथे जरा थांबतो आणि मगच तो खाली उतरतो. लोजीला नेमके हेच सूर सोन्याचे वाटायचे. ज्याला टोचणाऱ्या सुरांचं इतकं प्रेम त्याच्यासाठी रचताना वाइसने त्यात कसर केली असेल असं मला नाही वाटत.

ऐकायचं तर काय ऐकायचं

गिटारवर पण हा तोंबो वाजवतात, ज्युलियन ब्रीमने वाजवलाय आणि सुंदर वाजवलाय. पण गिटारच्या मोकळ्या तारा वेगळ्या, ई, ए, डी, जी, बी, ई, त्यामुळे वरचा सगळा हिशोब तिथे बदलतो. गिटारवाले सोयीसाठी स्केल पण हलवतात, मग दाबलेल्या आणि मोकळ्या सुरांची वाटणी वेगळी होते आणि तो कोंडलेला आवाज थोडा सैल पडतो. म्हणून पहिल्यांदा ल्यूटवरच ऐका. रॉबर्ट बार्टो आणि कोनराड युंगहेनेल या दोघांनी वाइसचं भरपूर वाजवून ठेवलंय, तिथून सुरुवात करा. आणि शक्यतो आधी वाइसचा एखादा डी मायनरचा तुकडा लावा आणि त्याच्या पाठीला लगेच तोंबो, दोन्ही हेडफोनवर, म्हणजे वाद्य घुमायचं कधी थांबलं ते कानाला आपोआप कळतं.

एक सूचना मात्र. ऐकताना पेटी घेऊन बसलात किंवा मोबाईलवर ट्यूनर लावलात तर काळी पाचला सा जुळणार नाही, ट्यूनर बहुतेक वेळा ए मायनर दाखवेल, म्हणजे पांढरी सहा, आणि तुम्हाला वाटेल लेखात चुकीचं लिहिलंय. तसं नाहीये. आज पेटी, गिटार, पियानो सगळे वरच्या ए ला सेकंदाला ४४० कंपनं धरून लावतात, पण जुनं संगीत वाजवणारे बरोकसाठी ४१५ धरतात, म्हणजे सगळं वाद्यच अर्धा सूर खाली. ल्यूटवाल्याचा हात बी फ्लॅट मायनरवरच असतो, पहिला पडदा तोच, उतरवलेला खर्ज तोच, फक्त तुमच्या पेटीला तो एक पट्टी खाली ऐकू येतो. तेव्हा पेटीवर पांढरी सहा धरून बसा आणि ऐका.